पाच तारखेची मोजणी

कागदवाल्याने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि तिसऱ्यावर त्याचं बोट थांबलं. व्हिसाच्या फायली तयार करून देणारा हा माणूस एरवी इतका बोलका, की समोरच्याला जांभई द्यायला सवड देत नाही. त्याची बडबड थांबली तशी मी खुर्ची पुढे ओढली.

"काकू, हे काय?"

"माझ्या बँकेचा उतारा. दुसरं काय असणार?"

"ते दिसतंय मला. पण पाच तारखेला सगळे पैसे काढलेत. खात्यात नावालाच काहीतरी उरलंय."

"आणि त्याच दिवशी परत भरलेत. तेही दिसत असेल की चष्म्यातून."

"मागच्या महिन्यातही पाच तारीख. त्याच्या मागच्याही. दर महिन्याला काढता कशाला?"

"मोजायला."

शेजारी बसलेल्या लेकाने दोन्ही हातांत डोकं धरलं. "आई," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी बत्तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलंय. गठ्ठा घेताना दारात मोजायचा, देताना दारात मोजायचा. एक रुमाल कमी भरला तर लोक सात पिढ्या काढतात. गुडघे गेले तेव्हा दुकान विकलं आणि आलेले पैसे बँकेत ठेवले. बँक म्हणजे तरी काय, दुसऱ्याचं कपाट. आपली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात ठेवली की मधूनमधून बघून यावं. म्हणून दर पाच तारखेला जायचं, सगळे काढायचे, तिथल्याच बाकावर बसून मोजायचे आणि परत भरायचे. यात चूक होईल असं माझ्या सातवी नापास डोक्यात कुठून येणार?

"नियम असा आहे काकू," कागदवाला म्हणाला, "तेवढी रक्कम सहा महिने खात्यात सलग हवी. एक तासही खाली जाता कामा नये. फाईल बघणारा सगळ्यात कमी आकडा धरतो. त्याच्या लेखी तुमच्याकडे काही नाहीच."

लेकाची बायको परदेशी. लग्नाला दीड वर्ष झालं. ती तिच्या देशात एका भाड्याच्या खोलीत, हा इथे, आणि तिला इकडे आणायचा तर व्हिसा हवा. हा पडेल ती वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे कमाईचा धड कागद नाही. म्हणून तिचा खर्च मी उचलीन असं लिहून देणारी मीच. तिला सातवा महिना लागलाय. आई नाही, बाप नाही. रक्तदाब चढतो, एकटी राहू नको म्हणून डॉक्टरने बजावलंय. आठवा लागला की विमानवाले घेत नाहीत. आणि फाईल द्यायची आजच, चारच्या आत. आजची वेळ हुकली तर पुढची अडीच महिन्यांनी.

"बँकेचं पत्र मिळालं तर?" लेकाने विचारलं.

"पैसे हलले कशाला ते बँकेने लिहून दिलं तर लावतो. पण मी शब्द देत नाही. साडेतीनला मी व्हिसा कचेरीच्या खिडकीपाशी असेन."

तेव्हा अकरा वाजून गेले होते. बँकेत जायला माझे पाय उचलेनात. गुडघ्यांमुळे नाही. तिथे कॅशियर होता.

दर महिन्याला माझे पैसे द्यायचे आणि अर्ध्या तासात परत घ्यायचे, हे त्याच्या गळ्यात. त्याने कपाळाला आठी घातली की मी म्हणायचे, "पगार कशाचा घेता मग?" आणि आठ महिन्यांपूर्वी मी रांगेसमोर ओरडले होते, दोन नोटा कमी दिल्या म्हणून. साहेबांनी त्याला आत बोलावलं. तो आत असताना मी बाकावर तिसऱ्यांदा मोजलं. दोन नोटा दुसऱ्या दोघींना चिकटलेल्या होत्या. मी सगळे पैसे शेजारच्या खिडकीत भरले आणि घरी गेले. कोणाला बोलले नाही.

मला बघून त्याने कॅलेंडरकडे मान वळवली.

"मावशी, आज पाच नाही."

"मोजायला नाही आले. पत्र हवंय." मी सगळं सांगितलं. सून, सातवा महिना, चार वाजता. आवाज चढाच ठेवला होता. शेवटी शेवटी तो फाटला.

त्याने पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली, मागची रांग करवादली, आणि त्याने कागद ओढला.

"साहेब सही करतील. पण पैसे काढायचं कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

"लिहा, बाई अडाणी आहे. बँकेला कपाट समजते."

"आई, असं नको," लेक म्हणाला.

"तू गप्प बस. लिहा हो तुम्ही."

"अडाणी कशाला लिहू? तुमची मोजणी मशीनच्या तोंडात मारेल अशी. इतक्या महिन्यांत एकदा चुकला नाहीत."

त्याने हे म्हणायला नको होतं. मी हाताने त्याचा कागद दाबला.

"चुकले होते. त्या दोन नोटा चिकटलेल्या होत्या. माझ्याच हातात होत्या. तुम्ही आत बोलणी खात होता आणि मी उठून गेले."

लेकाने माझ्याकडे पाहिलं. आईला असं त्याने कधी पाहिलं नसेल.

"माहीत आहे," कॅशियर म्हणाला. त्याने पेनाने छताकडे खूण केली. "कॅमेरा आहे वर. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला दाखवलं."

"मग बोलला का नाही मला?"

"तुमच्यासमोर बोलायची टाप आहे का कोणाची? हात काढा कागदावरून, वेळ जातोय."

त्याने लिहिलं: खातेदार दर महिन्याला आपली रक्कम स्वतः मोजण्यासाठी काढतात आणि तासाभरात तेवढीच परत भरतात, रक्कम बँकेच्या दाराबाहेर कधीही गेलेली नाही. लेकाने ते मला दोनदा वाचून दाखवलं. सही जेवणाची सुट्टी संपल्यावर झाली, शिक्का तीन वाजता.

साडेतीनला कागदवाल्याने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. "असं पत्र मी जन्मात पाहिलं नाही," म्हणाला. "आता वाचणाऱ्याच्या मनावर आहे काकू. पोट भरलेलं असलं तर मानेल."

खिडकीतल्या मुलीने चारला दहा कमी असताना फाईल घेतली. मी तिला म्हणाले, पानं मोजून घ्या, एक्केचाळीस आहेत. ती म्हणाली, आम्ही मोजत नाही, वजन करतो. आणि फाईल मागच्या ढिगावर टाकली. माझा हात काचेपर्यंत गेला होता. लेकाने तो धरून खाली घेतला आणि सोडला नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्याचा फोन वाजला. तीच होती. तिला आमच्या भाषेतली चार वाक्यं येतात, त्यातलं एक माझ्यासाठी.

"आई, तू जेवला का?"

दर वेळी मला पुरुष करून टाकते. दर वेळी मी तिला सुधारते, जेवलास नाही, जेवला नाही, जेवलीस म्हण. आज नाही सुधारलं.

"जेवला," मी म्हणाले. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता.

ती हसली. मग तिला धाप लागली, म्हणून लेकाने फोन घेतला आणि दोघं त्यांच्या भाषेत बोलू लागले. मी पावती उन्हात धरली. उत्तर यायला एकवीस दिवस, असं त्यावर छापलेलं. विमानवाले तिला घेतील असे दिवस उरलेत तेवीस.

मी पायरीवर बसले आणि बोटांच्या पेरांवर मोजले. एकवीस. उरले दोन. मग पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू केलं.