माझ्या फितीची साक्ष काढू नका

मी हसुदुंगानचं बायबल बोलतोय. तो गेला तरी त्याचंच. माझ्या पहिल्या पानावर दुसऱ्या कुणाचं नाव पडलेलं नाही, आणि पडूही नये. माझ्या अंगावर माडीचे डाग आहेत, पाठीला माशाचा एक खवला चिकटून बसलाय आणि खालचा उजवा कोपरा फुटलाय. तो कोपरा कसा फुटला तेच मला सांगायचंय. शांतपणे सांगता आलं तर सांगतो. नाहीच आलं, तर तेही ऐकून घ्या.

दूरच्या शहरातल्या छापखान्यात मी जन्मलो. आम्ही हजारभर भावंडं एकाच दिवशी शिवली गेलो. प्रत्येकाला काळा पुठ्ठा, लाल कडा आणि पानांत ठेवायला एक लाल फीत. पुढे ट्रक, मग होडी, आणि तोबा सरोवर ओलांडून मी सामोसिर बेटावरच्या ह्या लहानशा गावात पोचलो. त्या रविवारी सोळा पोरंपोरी दृढीकरणाला, म्हणजे मंडळीत पक्कं करून घ्यायला, उभी होती. पाळकांनी मला शेवटच्याच्या हातात दिलं. तो हसुदुंगान. तळवे खरखरीत, नखांत चीक. मी मनात म्हटलं, झालं, आता फळीवर धूळ खात पडायचं.

कसलं काय! त्याच्या आईनं त्याच आठवड्यात एका विरलेल्या उलोसचा, आमच्याकडच्या विणलेल्या शालीचा, मला अंगरखा शिवला. मागच्या बाजूला एक खिसा ठेवला, अल्मनाकसाठी. अल्मनाक म्हणजे कुठल्या तारखेला कुठला अध्याय वाचायचा ते सांगणारी पातळ पुस्तिका. दर नव्या वर्षाला मंडळीकडून घरटी एक येते. त्या आठवड्यापासून मी फळी पाहिली नाही.

हसुदुंगानचा बाप माडी काढायचा. बाप वारल्यावर डोंगराच्या कडेचे ते तीन माड पोराकडे आले. रोज सकाळी तो माडाच्या बुंध्याशी बसायचा, अल्मनाक काढायचा, तारखेवर बोट ठेवायचा आणि तो अध्याय मोठ्यानं वाचायचा. संपला की तारखेपुढे पेन्सिलीची एक खूण करायचा, फीत त्या पानात ठेवायचा, मला पिशवीत घालून बुंध्याशी टांगायचा. मग मोगरी कमरेला खोचून, खाचा पाडलेल्या बांबूवरून सरसर वर. वरून, माडी सुटावी म्हणून देठावर मारलेल्या मोगरीचा ठोका यायचा, टोक, टोक, टोक. ते ऐकत मी डुलकी काढायचो.

धाकटा भाऊ मंगासी माडीची बांबूची नळकांडी वाहायला बरोबर असायचा. तिसरीतून शाळा सोडलेला, डोक्यानं तापट, अंगानं रेड्यासारखा. त्याला अक्षरं हसुदुंगाननं शिकवली, माझ्यावरच. मंगासीच्या बोटाखाली मी किती घासलो गेलोय ते माझ्या स्तोत्रांच्या पानांना विचारा.

एकदा मंगासीनं थोरल्या भावाला, आपल्या अबांगला, विचारलं होतं, "अबांग, सगळं फुकटच मिळणार असेल, नुसत्या विश्वासानं, तर चांगलं वागायची कटकट कशाला?"

हसुदुंगान वरून ओरडला, "अरे गाढवा, माडी देतो म्हणून हा माड झाला का? माड आहे म्हणून माडी देतो. नळकांडं धर नीट, सांडतंय."

हे मी कुठल्याही व्यासपीठावरून याहून सोपं करून सांगितलेलं ऐकलं नाही.

आता सिंतुआ मारिहोत. सिंतुआ म्हणजे मंडळीचे वडीलधारे, गावातली नावांची यादी त्यांच्या हाती. माणूस वाईट नाही. मला वाईट म्हणायची फार इच्छा आहे, पण नाही. अडचण एवढीच की माडाला रविवार कळत नाही. रोज दोन वेळा देठ कापावा लागतो. त्यामुळे हसुदुंगानची सकाळची उपासना चुकायची.

सिंतुआ वाटेत अडवून म्हणाले, "एक रविवार खाडा केलास तर झाड काही मरत नाही."

"मरत नाही अमांग, रुसतं. देठाचं तोंड बुजतं, मग महिनाभर थेंब नाही." आणि हा गप्प बसतोय थोडाच! "बरं, तुम्ही रविवारी संध्याकाळी घेता ती कुठल्या वाराची असते?"

ऐकणारे हसले. सिंतुआ हसले नाहीत. पुढच्या महिन्यात हसुदुंगानचं नाव यादीतून काढलं. प्रभुभोजन बंद. त्याला लागलं. त्या सकाळी तो एकच ओळ तीनदा वाचत होता. दोन वर्षं हे असं चाललं. वाचन एक दिवसही चुकलं नाही. मी शपथ घेऊन सांगतो, पण मला कोण विचारतो?

एकोणीस सप्टेंबरला सकाळी त्यानं वाचलं, खूण केली, फीत ठेवली, मला टांगलं आणि तो वर गेला. खाचेपाशी बांबू मोडला. मी पिशवीत होतो. मी फक्त आवाज ऐकला. मग मंगासीचा आवाज ऐकला. त्याबद्दल मी बोलणार नाही.

घरी त्याला चटईवर निजवलं. मामानं त्याच्यावर उलोस पांघरला. आईनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं, एकच गोष्ट धरून बसली. आमच्या गावात माणूस शेवटचा घराबाहेर निघतो तेव्हा देवळाची घंटा वाजते. सरोवरावरच्या होड्या वल्ही थांबवतात. यादीतून नाव गेलेल्यासाठी वाजत नाही.

"घंटेशिवाय माझ्या पोराला नेऊ नका," ती म्हणत राहिली. "तो काही कुत्रा नव्हता."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंतुआ आले. ओट्यावर बसले, चष्मा पुसला, आईकडे वळले. "इनांग, नियम मी केलेला नाही. पण आम्ही वडील मंडळी बसून बोललो. तो घरी रोज वाचत होता असं दिसलं, तर तेच विश्वासाचं फळ धरू. घंटा वाजेल. त्याचं बायबल आणा."

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे मेलेल्याचं बायबल फितीवर उघडतात आणि तोच अध्याय त्याच्या उशाशी वाचतात. त्यामुळे फितीवर सगळ्यांचा डोळा. कितीतरी घरांत नवरा नुसता तापानं पडला की बायको आधी फीत आजच्या तारखेला सरकवून ठेवते, मग वैद्याला बोलावते. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

मंगासीनं मला छातीशी धरून आणलं. त्याची मान ताठ होती. घ्या बघून, असं त्या मानेवर लिहिलेलं होतं.

सिंतुआंनी मला उघडलं. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. त्यांनी खिशातून आपलं अल्मनाक काढलं. बोट खाली सरकत गेलं. "एकोणीस सप्टेंबर. याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय." मग बोट मागं मागं गेलं. "इफिसकरांस, दुसरा... हा. अकरा जून."



"जूनपासून हे उघडलेलं नाही," सिंतुआ हळूच म्हणाले. खरंच हळू म्हणाले. जास्त लागलं ते त्यामुळेच.

मागून एक बाई कुजबुजली, "नळकांड्याखाली टेकण म्हणून ठेवत असेल."

मी ओरडत होतो. माझ्या बाराशे पानांनी ओरडत होतो. पण मला तोंड नाही, मला दुसऱ्याचं तोंड लागतं, आणि ज्याचं लागायचं तो चटईवर पडला होता.

मंगासीनं मला हिसकावलं. "तूपण? तूपण उलटलास?" असं म्हणून त्यानं मला घराच्या खांबावर भिरकावलं.

तो कोपरा तेव्हा फुटला. त्याच्यावर माझा राग नाही. त्या घरात तेवढं एक खरं दुःख मला हात लावून गेलं.

मी उपडा पडलो आणि अंगरख्याच्या खिशातून अल्मनाक बाहेर घसरलं. मंगासीनं ते फाडायलाच उचललं. फाडता फाडता थांबला. त्याला अक्षरं अडतात, आकडे अडत नाहीत.

"अमांग, ह्यावर कुठलं वर्ष आहे?"

सिंतुआ वाकले. "गेलं वर्ष."

"आणि तुमच्या हातातलं?"

"ह्या वर्षीचं."

मंगासी पानं उलटू लागला. जानेवारी. प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीच्या दोन खुणा, एक पुसट, एक ताजी. मार्च. दोन. जून, अकरा तारीख, दोन.  सप्टेंबर एकोणीस: इफिसकरांस, दुसरा अध्याय. दोन खुणा.

वीस तारखेपुढे एकच. गेल्या वर्षीची.

"त्या दिवशी सकाळीच वाचलं होतं त्यानं," मंगासी म्हणाला. "चढायच्या आधी."

"पण जुनं अल्मनाक कशाला?" सिंतुआ म्हणाले. "नवं तर त्यालाही दिलं होतं, मीच..."

बायकांत गावाची आजी, ओम्पू तिआर्मा, बसली होती. डोंगराच्या माथ्यावर एकटी राहणारी म्हातारी, सकाळपासून काठी टेकत उतरून आलेली. तिला ऐकू कमी येतं, पण मंगासीच्या हातातलं तिला दिसलं. तिनं पानाच्या चंचीतून दुसरं अल्मनाक काढलं, कोरं, ह्या वर्षीचं.

"नवं माझ्याकडे आहे, बाबांनो. माझं उंदरांनी खाल्लं. जानेवारीत ह्यानं आपलं दिलं. मी म्हटलं, आणि तू रे? तर म्हणतो, ओम्पू, माझ्याकडे गेल्या वर्षीचं आहे, देवाला चालतं. मग रोज पहाटे, हा मंगासी यायच्या आधी, माझ्या घराखालच्या माडाशी भांडायचो आम्ही. त्याच्या पुस्तकात एक, माझ्यात भलतंच." ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "परवा मी म्हटलं, आज माझ्याकडे याकोब आहे, कर्माचं विचारतोय. तर म्हणतो, माझ्याकडे इफिस आहे, फुकट देतोय. या दोघांना एकदा समोरासमोर बसवून माडी पाजली पाहिजे."

सिंतुआंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "इनांग, घंटा वाजेल. मी स्वतः वाजवतो."

सगळ्यांनी श्वास सोडला. इथं गोष्ट संपली असती आणि सगळे गोड झाले असते. पण मंगासी उभाच होता.

"आणि फीत चुकलेली असती तर?"

"मंगासी..."

"उंदरांनी ओम्पूचं खाल्लं नसतं तर? तो खरंच जूनमध्ये थकून थांबला असता तर? मग देवानं त्याला टाकलं असतं? अमांग, तुम्हीच शिकवता ना, मोजून मिळत नाही म्हणून? मग आज काय करत होता तुम्ही? त्याची माडी मोजली, रविवार मोजले, आता पेन्सिलीच्या खुणा मोजून घंटा देताय!"

"अरे, तुझ्या आईला हवी आहे ना घंटा?"

सगळे आईकडे बघू लागले. मला वाटलं, आता ही पोराच्या तोंडावर हात ठेवेल. तीन दिवस तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"हवी होती," ती म्हणाली. "सकाळपर्यंत हवी होती."

ती उठली. खुंटीवरची मोगरी काढली, हसुदुंगानची, दांडा त्याच्या पकडीनं झिजलेला. एक रिकामं नळकांडं घेतलं. दोन्ही मंगासीच्या हातात दिली. मग मला जमिनीवरून उचललं, पदरानं पुसलं आणि फितीवर उघडून त्याच्यापुढे धरलं.

"वाच," म्हणाली.

आणि त्यानं वाचलं. दृढीकरण न झालेल्या, तिसरी न संपवलेल्या पोरानं मढ्याच्या उशाशी वाचलं. अक्षरावर अक्षर ठेवत, दगडांचा बांध घालावा तसं. कृपेनं तुमचं तारण झालंय, विश्वासाच्या वाटेनं. तुमच्या हातून झालेलं हे नव्हे, देवाचं देणं आहे. कुणी मिरवू नये. तिथं दम घेतला. चांगली कामं करायला आपल्याला घडवलंय, तेवढं वाचून मान वर केली. एका लांब शब्दावर अडला तेव्हा सिंतुआंचे ओठ हलले, पण त्यांनी सांगितलं नाही. त्याचा त्याला काढू दिला. त्यासाठी मी त्यांना अर्धं माफ केलं.

पेटी बाहेर निघाली तेव्हा मंगासी पुढे होता. रिकाम्या नळकांड्यावर मोगरी. टोक, टोक, टोक. देवळाची घंटा गप्प होती. सिंतुआ टोपी हातात घेऊन पेटीच्या मागं चालत होते. खाली सरोवरावर दोन होड्या होत्या.

त्यांनी वल्ही थांबवली.

आता मी मंगासीजवळ असतो. तिन्ही माड तोच चढतो, नव्या बांबूवरून. रोज एक अध्याय त्याला जमत नाही, तीन ओळी जमतात. कधी तेवढ्यावरही चिडून मला मिटतो आणि मोगरी घेऊन वर जातो. मी काही म्हणत नाही.

यंदा जानेवारीत दारात एक नवं अल्मनाक कुणीतरी ठेवून गेलं. नाव नाही, निरोप नाही, पण त्यावर चष्मा पुसायचा रुमाल विसरलेला होता. मंगासीनं रुमाल धुऊन परत पाठवला. अल्मनाक ओम्पू तिआर्माला नेऊन दिलं. माझ्या खिशात अजून तेच जुनं आहे. वीस सप्टेंबरपुढची खूण एकटीच आहे, ती तो एकटीच ठेवणार म्हणतो.

तेव्हा ऐका. मी कुणाच्या पुण्याची पावती नाही. माझी फीत बघून कुणाला तोलू नका, आणि आजाऱ्याच्या उशाशी ती गुपचूप सरकवूही नका. उघडायचंच असेल तर उघडा आणि वाचा, कुठल्याही वर्षीच्या तारखेनं वाचा, अडखळत वाचा. नाहीतर राहू द्या. माझी फीत आज रोमकरांस पत्रात आहे, पाचव्या अध्यायात, चौथ्या ओळीपाशी. गेले चार दिवस तिथंच आहे. तो वर चढलाय. मला ठोके ऐकू येताहेत.