भिंतीतून उतरलेला चिरा

मी जांभ्या दगडाचा एक चिरा बोलतोय. सध्या नीराबाईच्या अंगणात असतो. अंगणात पडलेला म्हणू नका हं, मला राग येतो. मी बसायचा दगड आहे.

जन्म म्हसळ्याकडच्या खाणीतला. कापला तेव्हा नरम होतो, ऊन-वारा खाऊन घट्ट झालो. मग टेम्पोत चढलो आणि टेम्पोसकट दिघीहून बोटीनं आगरदांड्याला उतरलो. बोटीचा प्रवास सगळ्याच चिऱ्यांच्या नशिबी नसतो!

जवळच्या कोळीवाड्यात धनेश पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होता. शेजारचं अंगण त्याच्या विधवा काकीचं, नीराबाईचं. तिथं बांबूच्या मांडवावर ती बोंबील सुकवते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी टांगायची. त्यावरच तिचं वर्षभराचं पोट. पाहुणे वासानं नाकं मुरडतील, ही धनेशची धास्ती. काकीला तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून ती बाजाराला गेलेली बघून त्यानं भिंत चढवायला घेतली. माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही. दोन शब्द जड होतात आणि दगड मात्र भराभर उचलतात.

मी वरच्या थरात बसलो. समुद्राचा वारा यायचा, माझ्यावर आपटायचा, माघारी जायचा. पलीकडे बोंबील सुकेनात, अळ्या पडायला लागल्या. नीराबाईनं टोपल्याच्या टोपल्या माडाखाली पुरल्या, डोळे पुसले आणि कोर्टात गेली. वकिलाच्या सांगण्यावरून दाव्यात हातभर जमीनही मागितली. झालं! काकी आपली जमीन लाटायला बघतेय, असं धनेशनं धरलं. बोलणं तुटलं. शिमग्याला पुरणपोळीसुद्धा भिंत ओलांडून गेली नाही. मला फार वाईट वाटलं, कारण मधे मीच होतो.

कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ विनिता मॅडम दोघांच्या संमतीनं जागा बघायला आल्या आणि माझ्याच सावलीत खुर्ची टाकून बसल्या. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. म्हणून मीही नावं बदलून सांगतोय, बरं का.

आधी त्यांनी एकेकाचं ऐकून घेतलं, मग दोघांना समोरासमोर बसवलं. कोण चूक ते विचारलंच नाही, नेमकं काय हवंय ते विचारलं. धनेशनं जमिनीचं पुराण लावलं. इतक्यात मांडवावरची एक जोडी खाली गळली. बोलता बोलता त्यानं ती उचलली, माती झटकली, जबड्यात जबडा अडकवला आणि पुन्हा टांगली. बोटांना ओला, कुजका वास लागला. त्यानं वर भिंतीकडे बघितलं.

"हात इसारला न्हाय तुजा," नीराबाई म्हणाली. "जमीन नको रे मना. भिंत पन असूं दे. माजा वारा तेवडा सोड."

"आदी मना का न्हाय सांगलंस, काकी?"

"तू तरी इचारलंस कवा?"

त्यावर दोघंही रडली. मॅडमनी घाई केली नाही. मग ठरलं ते लिहिलं: वरच्या थरांतला एकाआड एक चिरा काढायचा, काकीनं जमिनीचा हट्ट सोडायचा. दोघांनी सह्या केल्या.

गवंड्यानं काढलेल्यांत मीही निघालो. नको झालो म्हणून मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू? पण नीराबाईनं मला फेकू दिलं नाही, अंगणात आणून ठेवलं. आता पाहुणे मांडव बघायला येतात आणि जाताना सुके बोंबील बांधून नेतात.

इथून मला भिंतीतली माझी जागा दिसते. तिथून वारा आत येतो आणि बोंबलांच्या जोड्या हलतात. भिंतीत होतो तेव्हापेक्षा मी आज जास्त उपयोगी आहे. तुम्हीही घर बांधा, भिंतही बांधा, पण पहिला चिरा ठेवण्याआधी शेजारच्या दारात जाऊन या.

बरं, पुरे करतो. काकीनं चहा ठेवलाय आणि धनेश येतोय. त्याला बसायचंय.