बर्फाचे चार महिने

छप्पन सालच्या जानेवारीत जयवंत गोळीबारात गेला आणि एप्रिल सरायच्या आत त्याच्या बहिणीला, सुनेत्राला, बघायला माणसं येऊ लागली. घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सुनेत्राला तेविसावं लागलं होतं. थांबून चालणार नाही, असं कुशाबामामांनी ठरवलं. वडील, रामदास नेरूरकर, मामा म्हणतील त्याला मान डोलवत.

जयवंत छापखान्यात खिळे जुळवायचा. तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नव्हता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कसला गलका चाललाय ते बघायला चपला घालून जिना उतरला, एवढंच. त्यानंतर गिरगावातल्या त्या खोलीत माणसांची रीघ लागली. कुणी त्याचा फोटो मोठा करून आणला, कुणी हार. आलेला प्रत्येक जण सुनेत्राकडे बघून म्हणे, "ही हुतात्म्याची बहीण." ती सगळ्यांना चहा करून द्यायची. ती रडली मात्र नव्हती. शेजारच्या रखमाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "रड गो बाय, मोकळी हो." सुनेत्रानं प्रयत्न करून पाहिला. काही आलं नाही. एकदा तिनं चुलीवरचा तवा नुसत्या हातानं उचलला, आणि भाजलंय हे तिला फोड आल्यावर कळलं.

रघुनाथ चेंदवणकर हे तिसरं स्थळ. आईबाप नसलेला, तिशीचा माणूस. परळहून आत्याला, कांताबाईंना, घेऊन आला होता. त्याला उन्हाळ्यातच रजा मिळत असे.

"नोकरी कुठे म्हणालात?" कुशाबामामांनी विचारलं.

"काश्मिरात. गुलमर्गच्या अलीकडे एक लहानसा उतार आहे. लोक पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येतात. तिथल्या क्लबाचं कोठार आणि वसतिगृह माझ्याकडे असतं."

"घसरतात? मुद्दाम?"

"मुद्दाम."

एरवी कुणीतरी हसलं असतं. राधाबाई, सुनेत्राची आई, म्हणाल्या, "थंडी फार असेल."

"छे हो," कांताबाई घाईनं म्हणाल्या. "आपल्या महाबळेश्वरासारखी."

"नाही," रघुनाथ म्हणाला. "तशी नाही. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडतो. कधी महिनाभर उशीर करतो, मग आलेले लोक नुसते बसून असतात. जानेवारीत पडायला लागला की दोनदोन दिवस थांबत नाही. खिडक्या बुजतात. छपरावरचा खाली ओढावा लागतो, नाहीतर छप्पर बसतं. खालच्या गावाची वाट बंद होते, टपाल येत नाही."

कांताबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"हातमोजा हरवला तर बोटं पांढरी पडतात. तेव्हा दुखत नाही. शेगडीपाशी आलं की दुखतं."

"आणि पुढे?"

हे सुनेत्रानं विचारलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बघायच्या कार्यक्रमात मुलगी विचारत नसे.

"फेब्रुवारी चांगला," रघुनाथ तिच्याकडे वळून म्हणाला. "बर्फ पिठासारखा, कोरडा. ऊन असतं. मार्चात मात्र सकाळी वरचा थर काचेसारखा कडक आणि दुपारी सगळा चिखल. एप्रिलात उतारावर गवत दिसायला लागतं. मग पाटी लावून आम्ही बंद करतो."

त्यानं जयवंतचा फोटो पाहिला होता. पण त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

माणसं गेल्यावर मामा भडकले. "असल्या जागी मुलगी द्यायची? स्वतःच्या तोंडानं सांगतोय मेला!"

राधाबाईंनी सुनेत्राला मोरीपाशी गाठलं. "तुझं काय म्हणणं?"

"चालेल."

"का पण?"

"तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही."

"मला एकटीला टाकून जाशील?"

"हो," सुनेत्रा म्हणाली.

राधाबाई बराच वेळ कपबश्या विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकरीचं काहीतरी घ्यायला हवं."

ज्येष्ठात लग्न झालं, वाजंत्रीशिवाय. नोव्हेंबरात दोघं वर गेली. रघुनाथनं सांगितलं होतं तसंच सगळं निघालं. सुनेत्रा पंधरावीस माणसांचा स्वयंपाक बघायची, खिडक्यांवरचा बर्फ खरवडायची. कोणी काही विचारत नसे. तिला बरं वाटत होतं असं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि तिथं ते चालून जात होतं.

जानेवारीत जयवंतचं वर्षश्राद्ध होतं. निघायच्या सुमारास बर्फ सुरू झाला आणि वाट बंद पडली. सुनेत्रानं बांधलेली वळकटी तशीच कोपऱ्यात ठेवली. नंतर एका सकाळी रघुनाथ बाहेरून आत आला, बूट झटकत म्हणाला, "उघडलंय. हमाल वर आलेत. आत्ता निघालो तर वेळेवर पोचू."

ती पीठ मळत होती. "वाट अजून बंदच आहे म्हणा," ती म्हणाली.

त्यानं खिडकीतून पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. खालून हमालांच्या हाका ऐकू येत होत्या.

"बंद आहे," तो म्हणाला, आणि वळकटी सोडून त्यानं घोंगड्या घडी करून ठेवल्या.

मे महिन्यात ती गिरगावात आली तेव्हा मामांनी तोंड फिरवलं. राधाबाईंनी जेवायला वाढलं. भात संपत आल्यावर विचारलं, "खरंच वाट बंद होती?"

"नव्हती."

राधाबाईंनी आणखी थोडी आमटी वाढली. "वर्षश्राद्धाला फोटो काढणारे आले होते," त्या म्हणाल्या. "मला दोनदा रडायला लावलं. पहिला नीट आला नाही म्हणून. तू नव्हतीस ते बरं झालं."

पुढे दर उन्हाळ्यात सुनेत्रा येत राहिली. साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हाही ती गिरगावातच होती, सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन. वाडीत दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. रामदासांना हात धरून मंचावर नेलं, शाल घातली. गॅलरीत बायकांची दाटी झाली होती. रखमाबाईंनी सुनेत्राचा दंड दाबला. त्यांचे डोळे वाहत होते.

"झालं गो अखेर. कसं वाटतंय तुला?"

सुनेत्रा खाली बघत होती. वडील शाल सावरत कुणालातरी नमस्कार करत होते. कोपऱ्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि मुलगी दचकून रडायला लागली.

"हिला आत नेते," सुनेत्रा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.