अकराशे बेचाळीस ढग

मी एक जुना संगणक आहे. हुबळीच्या कमरीपेठेत तुकारामचे दुरुस्तीचे आणि भंगाराचे दुकान आहे. तिथे बिघडलेल्या पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या ढिगात मी पडून असतो. मित्रांनो, माझी दया यावी म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीची चार वर्षे लुबाडली गेली, आणि त्या लुबाडणुकीत मीही वापरला गेलो, म्हणून सांगतो.

१९९३ साली मी धारवाडला आलो. केलगेरीच्या वाटेवर एक लहानशी संशोधन संस्था होती. तिथे मला हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला. माझ्या खोलीत थंड हवेचे यंत्र बसवले. माणसांच्या खोल्यांत ते नव्हते. लोक चपला दाराबाहेर काढून माझ्याकडे येत. मी फार फुशारलो होतो.

माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळ बसे ती सुकन्या. तिचे वडील केदारी हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मजूर होते, आई दुर्गव्वा घर सांभाळी. घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. रोज सकाळी हुबळीहून बसने यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची. तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक गुरुराज सर. त्यांनी तिला असा विषय दिला होता, जो दुसऱ्या कोणी घेत नव्हते.

तो विषय मी तिच्याकडूनच शिकलो. दूरच्या काही दीर्घिकांमध्ये, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमध्ये, एकाच वेळी असंख्य तारे जन्माला येतात. पण त्यांच्याभोवती धूळ इतकी दाट असते, की त्यांचा प्रकाश ती गिळून टाकते. गिळलेला प्रकाश मग उष्णता होऊन बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त किरण म्हणतात. माझ्या येण्याच्या दहा वर्षे आधी एका उपग्रहाने असे किरण सोडणाऱ्या हजारो ठिकाणांची यादी केली होती. प्राचीन काळी अशा दीर्घिका आजच्यापेक्षा जास्त तेजस्वी होत्या का, हे त्या यादीवरून सुकन्याला शोधायचे होते.

पण यादीत खोट होती. आपल्याच आकाशगंगेतले धुळीचे ढगही तिच्यात दीर्घिका म्हणून घुसले होते. सुकन्याने एकेक जागा घेतली, आकाशाच्या छापील छायाचित्रांशी ताडून पाहिली, वहीत शेरा लिहिला आणि मग माझ्यात नोंदवला. तीन वर्षांत तिने असे अकराशे बेचाळीस ढग वेचून काढले. तांदळातले खडे निवडावेत तसे.

संस्थेच्या कचेरीत जयलक्ष्मी नावाच्या बाई होत्या. दुपारी त्या डबा घेऊन येत. “सुकन्या, बा, ऊटा माड! चल, जेवून घे. ते ढग कुठं पळून जात नाहीत,” असे म्हणून तिला हाताला धरून उठवत. दहीभातातला अर्धा वाटा सुकन्याचा ठरलेला असे.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आले. ढग काढून टाकल्यावरही दूरच्या, म्हणजेच ज्यांचा फार जुना प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतो अशा दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी निघाल्या. त्या खरोखरच बदलत आल्या होत्या. माझ्या पडद्यावर आलेख उमटला तेव्हा सुकन्या टाळी वाजवून हसली. तिला तसे हसताना मी पुन्हा पाहिले नाही.

गुरुराज सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, “अजून कच्चं आहे. थांब.”

ती थांबली, आणि त्या वेळातही ढग निवडत राहिली. इकडे सरांचा दुसरा विद्यार्थी अनिकेत माझ्यासमोर बसू लागला. तिची यादी त्याने उघडली, वरचे तिचे नाव पुसले, आपले घातले. माझ्याच कळांवर ते काम झाले. सात महिन्यांनी परदेशी नियतकालिकात लेख छापून आला. लेखक दोन: गुरुराज सर आणि अनिकेत. सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘आकडे टंकलिखित केल्याबद्दल कु. सुकन्या यांचे आभार.’

लेख हातात घेऊन ती सरांपुढे उभी राहिली. “सर, हे माझं काम आहे.”

“तुझं?” सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आवाज चढला नाही. “तुला इथं बसायला मिळालं, हे काय कमी झालं? तुमच्या लोकांची हीच खोड. बोट दिलं की हात धरता.”

“मी तक्रार करीन, सर.”

“कर की. तुझं कोण ऐकतंय ते बघू.”

तिने तक्रार केली. तीन जणांची समिती नेमली गेली, सोमवारी चौकशी ठरली. शनिवारी दुपारी गुरुराज सर स्वतः आले. माझ्यात विषाणू शिरला आहे असे त्यांनी कचेरीत सांगितले आणि माझी हार्ड डिस्क पुसली. सुकन्याने प्रती काढून ठेवलेल्या फ्लॉपी कपाटात होत्या. कपाटाची किल्ली सरांकडे होती. त्या फ्लॉपी कुणाला सापडल्या नाहीत.

सोमवारी समितीने मला सुरू केले. पडद्यावर काळोख आणि एक लुकलुकणारी रेघ. सुकन्याने आपल्या अकरा वह्या टेबलावर ठेवल्या. अध्यक्षांनी एक चाळली. “वह्या काय, मागाहूनही लिहिता येतात,” ते म्हणाले आणि वह्या ठेवून घेतल्या. त्या तिला कधीच परत मिळाल्या नाहीत.

मग जयलक्ष्मीबाईंना बोलावले.

“बाई, हे काम कोण करत होतं? तुम्ही रोज बघत होता ना?”

त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी गुरुराज सरांकडे पाहिले.

“मला त्यातलं काही कळत नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “पोरगी टायपिंग करायची, एवढंच ठाऊक.”

सुकन्या उठली आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. जयलक्ष्मीबाईंची नोकरी पुढच्याच महिन्यात कायम झाली.

माझ्यावर प्रश्नपत्रिका छापल्या गेल्या, मग तेही थांबले. नवे संगणक आले. मला व्हरांड्यात काढले. माझ्या पाठीत पालींनी अंडी घातली, येणारे-जाणारे माझ्यावर चहाचे पेले ठेवत. २००५ साली मला भंगारात घातले.

तुकारामने मला उघडले तेव्हा सवयीप्रमाणे डिस्क तपासली. पुसलेले परत काढण्याची युक्ती त्याला येत होती. गुरुराज सरांना जे ठाऊक नव्हते ते त्याला ठाऊक होते: असे पुसलेले पुष्कळदा आतच राहते. थोडे गेले होते, पण पडद्यावर आकड्यांच्या ओळींवर ओळी आल्या, प्रत्येकीपुढे शेरा. सुकन्याच्या अर्धवट प्रबंधाच्या पहिल्या पानावर नाव होते, हुबळीचा पत्ता होता.

“इतकं काम कुणी भंगारात टाकत नाही,” तो स्वतःशी म्हणाला, आणि त्या पत्त्यावर गेला.

सुकन्या आली. आता ती शाळेत गणित शिकवत होती. केसांत पांढरे आले होते. त्या लेखासोबत छापलेल्या यादीत कुठेतरी चूक आहे असे तिला आठ वर्षे वाटत होते. पण दाखवायला स्वतःची यादीच हातात नव्हती. तुकारामने स्टूल दिले. दोन तास ती ओळींवरून बोट फिरवत होती.

“छापलेल्या यादीत ऐंशी ढग राहून गेलेत,” ती म्हणाली. “घाईत त्यांनी माझी जुनी यादी उचलली. आठ वर्षं जगभरातले लोक या ढगांना दीर्घिका समजून मोजतायत.”

“मग झाला की पुरावा, अक्का! तारखा आहेत, नाव आहे. सोडू नका त्यांना.”

तिने संस्थेला पत्र लिहिले, सगळे छापून जोडले. उत्तर एका ओळीचे आले: सदर प्रकरण १९९७ मध्ये निकालात काढण्यात आले आहे. त्याच महिन्यात गुरुराज सरांचा निवृत्तीचा सत्कार झाला. अनिकेत तोवर परदेशात प्राध्यापक झाला होता.

तुकारामने कन्नडमध्ये एक शिवी हासडली. सुकन्या म्हणाली, “मला ती ऐंशी नावं तेवढी वेगळी काढून द्या.”

ती नावे तिने परदेशात यादी सांभाळणाऱ्यांना पाठवली. ‘हे ढग आहेत, दीर्घिका नव्हेत,’ एवढेच लिहिले. आपल्यावर काय गुदरले, ते लिहिले नाही. तुकारामने कारण विचारले.

“कुणीतरी पोरगी कुठेतरी ही यादी घेऊन बसली असेल,” ती म्हणाली. “तिची वर्षं कशाला फुकट घालवायची?”

यादी दुरुस्त झाली. दुरुस्ती कोणी केली, ते तिच्यात लिहिलेले नाही.

उद्या तुकाराम माझे सुटे भाग करणार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, एक मागणे आहे. यंत्रे जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, काम करणाऱ्या माणसाला जपा. त्याला दहीभात द्याच, पण तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे समजू नका. एखाद्या दिवशी तुम्हाला चारचौघांत विचारतील, हे कोणी केले? तेव्हा जिने केले तिचे नाव घ्या. पूर्ण नाव, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे.