हिरव्या टिकलीखाली

सीताबाईंच्या मोबाइलच्या काचेवर दोन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. खाली डावीकडे हिरवी, उजवीकडे लाल. फोन वाजला की हिरवीवर बोट टेकवायचं, घ्यायचा नसला तर लालवर. युक्ती त्यांची स्वतःची. अनसिंगच्या बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणून, चष्मा लावून, कुणाला तरी फोन करायला लावून त्यांनी नेमकी जागा धरली होती. तेव्हापासून दोन वर्षांत एक फोन चुकला नव्हता. सून राधिका हसून म्हणाली होती, "आई, तुमी तं फोनले सवाष्ण केलं."

राधिका शाळेत पहिलीच्या वर्गावर शिकवते. मनानं चांगली, पण सदा घाईत. सासूनं फोनमधलं काही विचारलं की ती तो हातातून घ्यायची, भराभर बोट फिरवायची आणि "झालं, घ्या" म्हणून परत द्यायची. काय झालं ते सीताबाईंना कधी कळायचं नाही. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. ते तुम्हाला नाही समजत, असं ऐकल्यावर तिसऱ्यांदा विचारलं नाही. वाचकहो, हे आपल्या घराघरांत रोज चालतं, आणि आपण त्याला मदत म्हणतो.

त्या आठवड्यात घरावर मोठंच संकट आलं. सीताबाईंचे यजमान भगवंतराव दोन महिने छातीतली कळ लपवून वाफ्यांना पाणी देत राहिले, आणि एका सकाळी मेथीतच बसले. अकोल्याला नेलं, तर डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि तयारीसाठी दोन दिवस घरी पाठवलं. दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, म्हणून मुलगा आदर्श सोबत गेला. कपडे-पैशांची तयारी करून बापलेक निघाले, तेव्हा सीताबाईंनी डबा हातात दिला आणि तोंड फिरवलं. "दोन महिने तुमी बोलले नाही. आता मी नाही बोलत." गाडी वळल्यावर त्या बांधावर बसून रडल्या, पण ते पाहायला भगवंतराव तिथं नव्हते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप राधिकाच्या फोनवर आला. उद्या अकराला आत नेणार. त्याआधी तिला फोन करतो. तिचा राग संग घेऊन मले आत नाही जाचं, एवढं तिला सांग.

राधिकानं सांगितलं. मग सासूचा फोन चार्जिंगला लावताना तिला दिसलं, की आठवडाभर तो नवी सिस्टीम घ्यायची परवानगी मागतो आहे. तिनं जाताजाता 'हो' दाबलं. ते मात्र सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सीताबाई वाफ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढत होत्या. फोन कमरेला. मनात वाक्य पाठ करून ठेवलेलं: राग गेला, तुमी लवकर या. साडेदहाला फोन वाजला. हिरव्या टिकलीवर बोट टेकवलं. "हॅलो, आदर्शचे बाबा?" पलीकडे काहीच नाही. रेंज नसेल म्हणून त्या बांधावर गेल्या. पुन्हा वाजला, पुन्हा टिकली, पुन्हा शांत. तिसऱ्यांदा ओला हात पदराला पुसून. चौथ्यांदा हळू. पाचव्यांदा अंगठ्यानं, जोर लावून. सहाव्यांदा त्या विहिरीच्या काठावर चढल्या आणि आकाशाकडे तोंड करून ओरडल्या, "मी आयकून राह्यली, तुमी बोला तं."

मग फोन वाजलाच नाही.

आपणच लावावा म्हणून त्यांनी, दाबला की फोन लागायचा तो आदर्शचा फोटो जिथं असायचा, तिथं बोट ठेवलं, तर एक पांढरं पान उघडलं आणि काहीतरी विचारू लागलं. स्वतःच्या घरात शिरावं आणि चुलीच्या जागी रांजण, रांजणाच्या जागी दार निघावं, तसं झालं. त्या अनवाणीच रस्त्याकडे पळाल्या. तिथं केशरबाईंचं घर. केशरबाई अंगणवाडी सेविका होत्या, आता रिटायर. त्यांनी आपल्या फोनवरून आदर्शला लावून दिलं.

आदर्श रडवेला होता. "आई, बाबाले आताच आत नेलं. सहा वेळा लावला, तू कापत काहून होती? बाबा म्हने, राहू दे, तिचा राग गेला नाही अजून."

सीताबाई उंबऱ्यावर बसल्या त्या उठेचनात. केशरबाईंनी आपल्या फोनवरून त्यांचा फोन लावला आणि तो वाजत असतानाच नखानं हिरवी टिकली उचकटली. खाली लाल बटन होतं. रातोरात बटनांनी जागा बदलल्या होत्या, आणि टिकलीनं ते झाकून ठेवलं होतं. हिरवं समजून सीताबाईंनी सहाही वेळा नवऱ्याचा फोन स्वतःच्या हातानं कापला होता.

"माहा नवरा मले रागावलेली समजून गेला वो केशरबाई," त्या म्हणाल्या. "आता तो मांगं नाही आला तं?"

केशरबाईंनी आधी त्यांना पाणी पाजलं. मग राधिकाला शाळेतून बोलावून घेतलं.

राधिका धापा टाकत आली, सगळं ऐकलं आणि सवयीनं पहिला हात फोनकडे नेला. "द्या इकडं, मी करून देते."

केशरबाईंनी तिचं मनगट धरलं. "तुह्या वर्गातल्या लेकराले 'क' जमला नाही, तं तू पाटी घेऊन सोताच लिहून देतं का?"

"नाही. हात धरून गिरवून घेते."

"मंग इथं काहून नाही धरला?"

केशरबाई मग बराच वेळ बोलल्या. कामाच्या फोनमध्ये दर काही महिन्यांनी सगळं इकडचं तिकडं व्हायचं, तेव्हा त्या मोरीत जाऊन रडायच्या, पण कुणाला सांगायच्या नाहीत. विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती. रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात लावलं की चार दिवस मान टाकतं, तेव्हा आपण पाणी देतो, सावली करतो. माणसाला मात्र म्हणतो, तुला नाही समजत!

राधिकाचे डोळे भरले. 'हो' आपणच दाबलं होतं, हे तिनं सांगून टाकलं. मग ती सासूच्या पायाशी खाली बसली. स्वतःच्या फोनवरून लावायची आणि सीताबाईंनी उचलायचा. पहिले तीन कापले गेले. चौथा लागला. राधिकानं अकरा वेळा लावला. सीताबाई रडत होत्या आणि शिकत होत्या.

दुपारी चारला फोन आला. सीताबाईंनी स्वतः उचलला. ऑपरेशन झालं होतं, पण भगवंतरावांना शुद्ध नव्हती. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पुन्हा वाजला. राधिकाचा हात पुढं झाला, मधेच थांबला आणि तिनं तो ओढणीत गुंडाळून घेतला. सीताबाईंनी चष्मा नीट केला, हिरवं कुठं आहे ते पाहिलं, आणि उचलला.

आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा खोल होता. "राग गेला का?"

"राग कायचा? सहाही वेळा मी उचललाच होता. फोनच बदलला, मले समजलं नाही."

"मंग कोनाले सांगतलं काहून नाही, का समजत नाही म्हून?"

"तुमी सांगतलं होतं का छातीचं?"

पलीकडे कुणीतरी हसल्यासारखं झालं, आणि दुखल्यामुळे थांबलं.

फोन तर बदलत राहणार, तो कुणाला विचारून बदलत नाही. म्हणून घरातल्या तरुणांनो, म्हाताऱ्या हातातून फोन काढून घेऊ नका. तो हात धरा, आणि चुकत चुकत अकरा वेळा करू द्या. आणि माझ्या वयस्कर बायाबापड्यांनो, नाही समजलं हे सांगायला लाजू नका, मग ते काचेवरचं असो की छातीतलं. सीताबाईंना एक संधी पुन्हा मिळाली. प्रत्येकाला ती मिळतेच असं नाही.