शिम्पाकू हिरवाच होता

झाड मेलं होतं, आणि ही गोष्ट सगळ्या गावात एकट्या तोकुजी कुवाबाराला माहीत होती.

बघणाऱ्याला काही कळलं नसतं. शिम्पाकू ही जातच तशी. कड्याकपारीत वाढणारं, सायप्रसच्या नात्यातलं हे झाड. मुळं कुजून गेली तरी वर महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं. मेपलचं जरा बिनसलं की तो पानं करपवून गावभर बोंब मारतो. शिम्पाकू तोंडातून अवाक्षर न काढता मरतो. त्या सकाळी तोकुजीने खोडाच्या वाळक्या लाकडाला लगटून चढणाऱ्या सालीच्या जिवंत पट्ट्यावर अंगठ्याचं नख ओढलं. सालीखाली ओला पोपटी रंग दिसायला हवा होता, दिसला तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. त्याने वर ओढलं, खाली बुंध्याशी ओढलं, सगळीकडे तेच. मग ओरखडे कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने त्यांवर चिमूटभर ओली माती चोळली. झाड मरण्यात लाज नव्हती, झाडं मरतात. लाजेची सुरुवात झाली ती ही माती चोळण्यापासून.

कारण रविवारी बोन्साय क्लबचं शरदातलं प्रदर्शन होतं, आणि त्याच दिवशी झाडाचा खरा मालक कोबेहून येणार होता.

मालक म्हणजे इसाबुरो मिनागावा. जन्मभर ताताम्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गवती चटया, विणणारा, गुडघे झिजलेला म्हातारा. त्याच्या बापाने ऐन तारुण्यात इशिझुची डोंगराच्या कड्यावर कमरेला दोर बांधून लोंबकळत हे झाड सोडवून आणलं होतं. बापामागे इसाबुरोने ते सांभाळलं. बायको गेली, पाय गेले, तेव्हा लेक चिझुरू त्याला आपल्या घरी घेऊन गेली. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, उत्तरेची गॅलरी, समुद्राचा वारा. तिथे कोथिंबीर जगायची नाही. इसाबुरोने बाकीची झाडं क्लबात वाटून टाकली, आणि हे एक मात्र दोन्ही हातांनी उचलून तोकुजीच्या अंगणात आणून ठेवलं.

"देत नाहीये, ठेवायला देतोय," तो म्हणाला होता. "पोर शेजारी ठेवतात तसं. आणि हे बघ, कधी माती बदलायची वेळ आली तर एका खेपेला अर्धीच बदल. उरलेली अर्धी जुनीच राहू दे. त्याला आपलं घर ओळखीचं वाटलं पाहिजे."

तोकुजीचा हात काही फार गुणाचा नव्हता. उभी हयात बस चालवली, बोन्सायचा नाद लागला तो निवृत्तीच्या तोंडावर. एका एल्मला वळण द्यायला तार गुंडाळली आणि काढायची विसरला, तार सालीत रुतून बसली. पाइन वादळात फळीवरून उडाला. प्लमच्या कळ्या बुलबुलांनी खाल्ल्या. त्याची बायको मिनेको अंगणाला 'दवाखाना' म्हणायची, आणि "आज कोण दगावलं?" असं विचारतच सकाळी दार उघडायची.

पण शिम्पाकूपाशी हा गडी वेगळाच व्हायचा. रोज सकाळी बारीक झारीने, भांड्याच्या बुडातून पाणी निथळेपर्यंत पाणी. उन्हाळ्यात दुपारी पुन्हा. दर आठवड्याला झाड जरासं फिरवायचं, म्हणजे सगळ्या अंगांना ऊन लागतं. वाळून पांढऱ्या पडलेल्या लाकडाचे पीळ दात घासायच्या ब्रशने साफ करायचे. वादळ आलं की झाड न्हाणीघरात आणि माणसं बिनआंघोळीची. मिनेकोच्या भाचीच्या लग्नाला ती बिचारी एकटीच गेली, कारण ऊन कडक होतं आणि झाडाला पाणी कोण घालणार? दर नववर्षाला इसाबुरोचा फोन यायचा, "काय रे, पोरगं कसंय?" आणि तोकुजी छाती फुगवून सांगायचा, "बापापेक्षा दांडगं झालंय!"

ती फुगलेली छातीच नडली.

झालं असं, की उन्हाळ्यातल्या बैठकीत क्लबचे सचिव ओनोदेरा सगळ्यांदेखत म्हणाले, "कुवाबारासान, झाड राजाचं, आणि पायात मात्र बापाचे ढगळ जोडे!" भांडं मोठं आणि खोल होतं, हे खरंच. सगळे हसले. तोकुजीही हसला, पण घरी येईस्तोवर ते हसू त्याच्या पोटात दगड होऊन बसलं होतं. चार दिवसांत त्याने एक उथळ, तांबूस, सुरेख भांडं आणलं. माती बदलायचा ऋतू वसंताचा, आणि हा होता ऑगस्टचा शेवट. पण शरदात प्रदर्शन, तोवर झाड नव्या भांड्यात रुळायला नको का? अर्धी माती काढली तरी मुळांचा गड्डा भांड्यात बसेना. हातात पाण्याची नळी होती, माती सुटत होती. आणखी थोडी, अजून थोडी करता करता मुळं नागडी झाली. शंभरेक वर्षांची ती मुळं उन्हात उघडी पडली, आणि हा बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्या ओरखड्यांच्या सकाळी मिनेको बाहेर आली तेव्हा तो झाडावर फवारा मारत होता. त्याचं तोंड बघूनच ती समजली.

"दगावलं?"

"हं."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या ओनोदेराच्या जिभेला हाड नाही, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" मग तिचा आवाज खाली आला. "आता फवारा कसला मारताय? पालथ्या घड्यावर पाणी. फोन करा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

त्याने फोन केला. खरंच सांगायचं म्हणून केला. चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण पलीकडून इसाबुरोचा आवाज आला तो लग्नघरातल्यासारखा.

"अरे तोकुजी! तुलाच करणार होतो. रविवारी नक्की येतोय हं. चिझुरू गाडीने आणतेय. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय मेला, सगळं धुक्यातलं दिसतं. म्हणजे झाड बघायला येतो कसलं, चाचपायला येतो म्हण!"

आणि तोकुजीला बरं वाटलं. म्हाताऱ्याला नीट दिसत नाही हे ऐकून त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं! पुढच्याच क्षणी आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. तरी तोंडातून निघालं ते, "या, या. वाट बघतो."

मिनेको भाजी निवडत सगळं ऐकत होती. तिने रात्री फक्त स्वतःपुरतं पान वाढून घेतलं.

रविवारी तोकुजीने मातीवर ताजं शेवाळ बसवलं, फांद्यांवर पाणी शिंपडलं आणि शिम्पाकू सभागृहातल्या मानाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. वीज गोठल्यासारखे पीळ, पांढरं हाड, वर हिरवे ढग. लोक थांबून बघायचे, मान डोलवायचे. "वा! भांडं काय शोभलंय!" ओनोदेरा म्हणाले, आणि वर "माझं ऐकलंत ते बरं झालं," हेही म्हणाले. तोकुजी प्रत्येकासमोर वाकत होता. अजून शिकतोय, अजून कच्चा आहे, असं म्हणायची पद्धत असते तसं म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं आणि कुणी खरं मानत नव्हतं. कुणी जरा जास्त वेळ थांबलं की तो घाईने पुढच्या झाडाकडे बोट दाखवायचा. चोराच्या मनात चांदणं.

अकराच्या सुमाराला लेकीच्या दंडाला धरून इसाबुरो आला. अंगात ठेवणीतला कोट, केस विंचरलेले. "कुठेय, कुठेय?" म्हणत तो थेट कोनाड्याशी आला. झाडांना हात लावायची मनाई होती, पण ओनोदेरांनी दोरी बाजूला केली. "मिनागावासान, तुम्हाला कसली मनाई! या!"

इसाबुरोची बोटं आधी पांढऱ्या लाकडावरून गेली, सावकाश, एकेक पीळ ओळखत. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग बोटं पाल्यात शिरली आणि थांबली. जिवंत पाला हाताला मऊ लागतो, हा दर्भासारखा टोचत होता. त्याने एक शेंडा चिमटीत चुरडला आणि बोटं नाकाशी नेली. शिम्पाकूचा ताजा पाला चुरडला की नाकात तिखट वास जातो. इसाबुरोने बोटं तशीच नाकाशी धरली. पुन्हा एकदा श्वास घेतला.

तोकुजीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

"काय, मिनागावासान?" ओनोदेरा म्हणाले. भोवती पाच-सहा जण कान देऊन उभे होते.

इसाबुरोने हात खाली घेतला. "छान," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तोकुजीने फार छान सांभाळलंय. माझ्याच्याने इतकं झालं नसतं." आणि वाकत नसलेले गुडघे कसेबसे सावरत तो तोकुजीसमोर कमरेतून वाकला. सगळ्या लोकांसमोर. "इतकी वर्षं त्रास दिला. आभारी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता बोलायला हवं होतं. आता, टाळ्या थांबायच्या आत. तोकुजीने तोंड उघडलं आणि उलट नमस्कार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली त्याने, पण आत त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायलासुद्धा ते थांबले नाहीत. तोकुजी त्यांना पोचवायला गाड्यांपाशी आला. इसाबुरो हात धुवायला मागे राहिला होता. चिझुरूने गाडीचं मागचं दार उघडलं. आत एक रिकामं लाकडी खोकं होतं, त्यात गादीसारखं दुलईचं अंथरूण, आणि खोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून बांधलेल्या दोऱ्या.

"हे कशाला आणलंत?" तोकुजीने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

"बाबा बोलले नाहीत का?" चिझुरू हसली. "आम्ही घर बदललंय काका. तळमजला, दक्षिणेचं अंगण. बाबांनी सुताराकडून झाडासाठी चौरंगही करून घेतला. म्हणत होते, तोकुजीने मन मोठं केलं तर मागून बघतो. सबंध रस्ताभर कसं मागायचं त्याचीच तालीम चालली होती. आणि आत्ता आतून बाहेर येताना म्हणाले, राहू दे, नाही मागत. ते झाड आता त्याचंच झालंय. जीव लावलाय त्याने." तिने दोऱ्या सोडायला घेतल्या. "तुमच्याकडेच बरं आहे ते, नाही का?"

तेवढ्यात इसाबुरो भिंतीला धरून पायऱ्या उतरताना दिसला, आणि तोकुजी धावत त्याच्याकडे गेला.

"इसाबुरोसान, ते मेलंय. मी मारलं. सगळी माती धुऊन काढली मी, तुम्ही सांगितलं होतं तरी. मला आठ दिवसांपासून माहीत होतं..."

इसाबुरोने त्याचं मनगट धरलं. "हळू बोल," तो कुजबुजला. "चिझुरू ऐकेल. तुला फार मानते ती. तिच्यासमोर कशाला?"

शिवी दिली असती तरी चाललं असतं. एक थोबाडीत दिली असती तर तोकुजी आयुष्यभर ऋणी राहिला असता. त्याने मनगट सोडवून घेतलं, गाडीपाशी गेला आणि सगळं सांगितलं. मोठ्याने, चुकत, अडखळत. भांडं, नळी, ऑगस्टचं ऊन, ओरखड्यांवर चोळलेली माती. मोतीबिंदूचं ऐकून बरं वाटलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

चिझुरूच्या हातातली दोरी तशीच राहिली. ती तोकुजीकडे बघतच नव्हती. बघत होती बापाकडे, जो डोळे मिचकावत, हातांनी गाडी चाचपत पुढच्या दाराशी आला होता.

"बाबा, तुम्हाला आत कळलं होतं?"

इसाबुरोने दाराची मूठ शोधली.

"कळलं होतं. आणि तरी तुम्ही यांच्यासमोर वाकलात?" तिचा आवाज फुटला. "त्या गुडघ्यांनी?"

"चल आता," इसाबुरो म्हणाला आणि आत बसला. "पुलावर गर्दी होते या वेळेला."

तिने खोकं तसंच राहू दिलं, दार लावलं आणि गाडी काढली. तोकुजीला तिने नमस्कार केला नाही. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत तो वाकून उभा होता, आणि गाडी गेल्यावरही त्याला मान वर करवेना.