अमावस्येचा निरोप

सांगलीच्या हळदपेठेचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठं गाठोडं होतं. सौदे, वजन, हमाली, हिशेब, सगळं त्यात कोंबलेलं. वजनाचा भाग अडकला की सौदेही ठप्प. प्रांजलने ते गाठोडं सोडलं आणि क्लाउडवर प्रत्येक कामाचं बिऱ्हाड वेगळं मांडलं. एक आजारी पडलं तरी दुसऱ्याची चूल पेटती राहावी, हा तिचा हट्ट. त्यापायी तिने एक नियम केला होता, कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही.

त्यातली हमालीची सेवा, म्हणजे हमालीच्या कामाचं बिऱ्हाड, तिची लाडकी. रोज संध्याकाळी ती हमालांच्या फोनवर निरोप धाडायची, उद्या कोणत्या गाळ्यावर यायचं ते. लाडकी असायला कारण होतं. तिचे वडील, आबा, त्याच पेठेत हमाल. मुकादम मानसिंग यांचा या फोनबाजीवर काडीचा विश्वास नव्हता. इतकी वर्षं ते फळ्यावर खडूने कामं लिहीत आले होते. आबांनी शब्द टाकला म्हणून त्यांनी काही आठवडे वापरून बघायचं कबूल केलं. ती मुदत आता संपत आली होती, एक-दोन दिवसांत ते हो की नाही ते सांगणार होते. नाही म्हणाले तर प्रांजलची मेहनत आणि आबांचा शब्द, दोन्ही पाण्यात.

सकाळी ती उठली तेव्हा आबांचा पोती उचलायचा हूक खुंटीला नव्हता. तिची नजर कॅलेंडरकडे गेली. आजच्या तारखेवर काळा गोल होता. अमावस्या. पेठ बंद.

ही सुट्टी सौद्याच्या सेवेत तिनेच घातली होती. हमालीच्या सेवेला मात्र ती कुणी सांगितलीच नव्हती, आणि शेजारी डोकवायला तर मनाई. त्यामुळे काल संध्याकाळी सगळ्यांना बिनदिक्कत निरोप गेला होता.

आणि विसरावं कुणी, तर हिने? घरात मान पौर्णिमेचा, पूजाअर्चा पौर्णिमेला. पण आबा दिवसभर सापडायचे ते अमावस्येलाच. तिला कृष्णेच्या घाटावर पोहायला न्यायचे. लहानपणी ती या काळ्या गोलाची वाट बघायची. स्वतःचाच तिला फार राग आला.

स्कूटी दामटत ती पेठेत पोचली. बंद फाटकासमोर आबा पायरीवर बसले होते, खांद्याला हूक, शेजारी चहाचे रिकामे पेले.

"आबा, आज अमावस्या हाय, ठाऊक न्हवतं व्हय तुमाला?"

"ठाऊक नसायला काय झालं? जलम गेला हितं." आबांनी जरा सरकून तिला जागा केली. "पर टोळीत नवी पोरं हायत. त्यांस्नी वाटणार, फोननं बोलीवलंय म्हंजी काम असंल. आली तर त्यांस्नी माघारी लावाया कोणतरी पायजे का न्हाई?"

दोघं-तिघं आले होतेच. आबांनी त्यांना चहा पाजला, आमच्या पोरीची चूक झाली म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं. हे ऐकून प्रांजलला रडू आवरेना. तिने एवढी बिऱ्हाडं मांडली, आणि एक चुकलं तेव्हा दारात उभं राहायला बापच आला.

डोळे पुसून तिने तिथेच फोन काढला आणि मुकादमांसकट सगळ्यांना निरोप पाठवला. आज सुट्टी, कालचा निरोप चुकीचा, चूक माझी, आबांची मुलगी प्रांजल. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने हमालीच्या सेवेला एक नवी सवय लावली. निरोप धाडायच्या आधी सौद्याच्या दारावर टकटक करून उद्या पेठ उघडी आहे का ते विचारायचं. उत्तर आलं नाही, तर गप्प न बसता प्रांजललाच फोन करायचा.

ते संपतंय तोवर आबांचा फोन वाजला. मानसिंग होते. आबा नुसतेच व्हय, व्हय म्हणत राहिले. प्रांजलचा जीव टांगणीला लागला.

"काय म्हणले?"

"म्हणले, चूक खडूनं बी व्हायाची. पर फळ्यानं कवा कबूल केली न्हाई." आबा उठले आणि त्यांनी हूक स्कूटीला अडकवला. "ऱ्हाऊ द्या म्हणले फोनवरच. आता मिट त्यो लॅपटॉप. घाटावर जाऊ, आज अमावस्या हाय."